पिंढरी धरली की थांबा, सुटली की पुन्हा चाला

खानापूर तालुक्यातून एका मुलानं वडिलांबद्दल विचारलं आहे. आप्पा 63 वर्षांचे, शेतकरी. ऐन तारुण्यापासून बिडी ओढतात, आठेक वर्षांपासून शुगर आहे. गेल्या दिवाळीपासून घरातून शेताकडे निघाले की ओढ्याच्या मोरीपाशी डावी पिंढरी धरते, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटते आणि तेवढंच अंतर गेल्यावर पुन्हा धरते. आधी मणक्याचं दुखणं समजून कमरेला पट्टा आणि गोळ्या झाल्या. मग बेळगावात डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केला तेव्हा मांडीतली धमनी अरुंद झाल्याचं कळलं. घोट्याच्या दाबाचा निर्देशांक 0.62 आला. एका ठिकाणी सांगितलं, ताबडतोब स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घाला नाहीतर पाय जाईल. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, रोज चालवा. तेव्हापासून आप्पा कट्ट्यावर बसून आहेत, आई रोज रात्री मिठाच्या कढत पाण्यात पाय शेकते आणि बिडी दिवसाला चारवर आली आहे. चालवायचं का, स्टेंट घालायचा का, पाय खरंच जाईल का आणि चार बिड्या चालतील का, असे प्रश्न आहेत.

उत्तरं आधी देतो, कारणं नंतर. चालवा. स्टेंटची आज घाई नाही. बिडी पूर्ण सुटली आणि पायाला जखम होऊ दिली नाही तर पाय जाण्याची शक्यता फार थोडी. चार बिड्या चालणार नाहीत, एकही नाही. आणि तुम्ही जे विचारलंच नाही ते सगळ्यांत आधी करा: कढत पाण्याचा शेक आज रात्रीपासून बंद.

आईंना वाटतं उबेनं रक्त खेळेल. निरोगी पायात खेळतंही. पण आप्पांच्या पायात दोन अडचणी आहेत. शुगरमुळं तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळं पाणी किती कढत आहे ते त्यांना कळणार नाही. दुसरं, ऊब लागली की कातडीची रक्ताची गरज वाढते, पण धमनी अरुंद असल्यानं तेवढं रक्त येत नाही. मग साधा भाजल्याचा फोड येतो, तो भरत नाही, आणि पाय कापण्यापर्यंत गेलेल्या कितीतरी गोष्टींची सुरुवात अशा फोडानं झालेली असते. तापवलेली वीट, वाळूचं पुरचुंडं, गरम पाण्याची पिशवी, सगळं याच हिशेबात. थंडीच्या दिवसांत पाय गार पडतात हे खरं, त्यासाठी सैल लोकरी मोजे आणि घोंगडी पुरे. भेगांना आणि कुरपाला बिब्बा लावायची आपल्याकडची रीतही इथं चालणार नाही. बिब्ब्यानं निरोगी कातडी भाजते, या पायाचं तर विचारूच नका.

आता दुखणं धमनीचंच आहे ना, याबद्दल. पोटऱ्या दुखणाऱ्या दहा माणसांत धमनीचे थोडेच असतात. कुणाचा मणका असतो, कुणाला शुगरची जळजळ, कुणाच्या निळ्या शिरा फुगलेल्या, कुणाचा गुडघा. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं स्वच्छ आहे की डॉपलरच्या आधीच मी धमनीवर बोट ठेवलं असतं. ठरावीक अंतरावर धरणं, नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत सुटणं, आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर धरणं, ही धमनीची खूण. मणक्याच्या दुखण्यात माणसाला बसावं किंवा पुढं वाकावं लागतं, नुसतं उभं राहून भागत नाही. असा माणूस चालताना बेजार होतो, पण सायकलवर वाकून बसला की मैलभर जातो. शुगरची जळजळ चालण्यावर अवलंबून नसते, अंथरुणाला पाठ टेकली की ती सुरू होते. फुगलेल्या शिरांत पाय जड होतो, संध्याकाळी सूज येते आणि पाय वर घेतले की बरं वाटतं. धमनीच्या पायाला वर घेतल्यानं उलट त्रास होतो. म्हणून शिरांसाठी मिळणारे घट्ट मोजे कुणी दिले असतील तर ते घालू नका. आधीच कमी पोचणारं रक्त ते आणखी अडवतात.

एक गोष्ट आज संध्याकाळी तुम्ही स्वतः करून बघा. आप्पांना बाजल्यावर आडवं करा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेघेत जरा वर, दोन बोटं हलकी टेकवा. दाबू नका, दाबलं की तुमच्याच बोटाचा ठोका लागतो. मग आतल्या घोट्याच्या मागं, टाचेच्या शिरेच्या अलीकडं बघा. आधी उजव्या पायाला शोधा, मग डाव्या. उजव्याला लागतो आणि डाव्याला लागत नाही असं झालं, तर दुखणं कुठलं ते घरातल्या सगळ्यांना पटतं. त्यानंतर दोन्ही पाय मिनिटभर वर उचलून धरा आणि मग बाजल्याखाली सोडायला सांगा. वर धरल्यावर पांढरा पडणारा आणि खाली सोडल्यावर हळूहळू लालबुंद होणारा पाय रक्त कमी असल्याचं सांगतो. ही लाली म्हणजे तब्येत सुधारल्याची खूण समजून लोक खूश होतात, तसं नाही ते.

0.62 हा आकडा काय, तेही सांगतो. रुग्णाला आडवं करून दंडाला आणि घोट्याला, दोन्हीकडं रक्तदाबाचा पट्टा बांधतात आणि छोट्या डॉपलर यंत्रानं ठोका ऐकत दाब मोजतात. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, तो हा निर्देशांक. निरोगी माणसात तो 1.0 ते 1.4 असतो. 0.90 किंवा त्याहून कमी आला की धमनीचा आजार नक्की. 0.40 च्या खाली गेला की पाय धोक्यात. आप्पा मधे आहेत, आणि बहुतेक माणसं इथंच असतात. एक मेख मात्र लक्षात ठेवा. शुगरच्या जुन्या रुग्णांत घोट्याच्या धमन्यांना चुना चढून त्या कडक होतात. पट्ट्यानं दबत नाहीत आणि आकडा असतो त्यापेक्षा चांगला दिसतो, कधी 1.4 च्याही वर. त्यामुळं पुढच्या वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजता येतो का विचारा. अंगठ्याच्या धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत. अंगठ्याचा दाब 30 च्या खाली असेल तर जखम भरणं अवघड.

पाय जाईल या भीतीबद्दल. ज्यांना फक्त चालताना दुखतं, झोपेत दुखत नाही आणि जखम नाही, अशा लोकांत पाच वर्षांत पाय कापावा लागणारे शंभरात पाचांपेक्षा कमी निघतात. शुगर आणि तंबाखू दोन्ही असतील तर धोका या सरासरीहून जास्त, म्हणून आप्पांना सूट नाही. पण याच लोकांत पाच वर्षांत शंभरातल्या साधारण वीस जणांना हृदयविकाराचा झटका किंवा लकवा येतो आणि दहा ते पंधरा जण दगावतात, ते बहुतेक हृदयामुळंच. चरबीची जी साय मांडीच्या धमनीत साचली आहे ती हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचलेली असते. कट्ट्यावरच्या गप्पांत सगळे पायाची काळजी करतात. मला आप्पांच्या छातीची जास्त आहे. इसीजी आणि इको झाला नसेल तर चालणं वाढवायच्या आधी करून घ्या. चालताना छाती भरून आली, डावा हात किंवा जबडा ओढायला लागला, तर तिथंच थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

बिडी. निपाणीच्या आजूबाजूला तंबाखू पिकतो, तिथल्या कितीतरी घरांत बायका सुपात पानं घेऊन बिड्या वळतात, म्हणून आपल्या भागात बिडीबद्दल एक घरगुती माया आहे. सिगरेटपेक्षा बरी, पानाचीच तर आहे, असं सुशिक्षित लोकही म्हणतात. तसं काही नाही. बिडीत तंबाखू कमी असला तरी ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि खोल ओढावी लागते, आणि निकोटीन, कार्बन मोनॉक्साईड सिगरेटइतकंच किंवा जास्त आत जातं. निकोटीननं धमनी आकसते, कार्बन मोनॉक्साईड रक्तातला ऑक्सिजन अडवतो. आधीच अरुंद झालेल्या धमनीला चार बिड्याही पुरतात. दिवसाला चार म्हणजे धमनीला चार वेळा धडका, शिवाय चारवर आलेला माणूस एखाद्या लग्नात पुन्हा बंडलावर जातो हे मी रोज बघतो.

बिडी ओढणाऱ्या शेजारच्या धडधाकट पोराचं उदाहरण देऊन कुणी सांगेल की पाय काळा पडणं हे फक्त म्हाताऱ्यांचं. तसंही नाही. बर्जर नावाचा एक वेगळा आजार आहे. तो बहुतेक करून चाळिशी-पंचेचाळिशीच्या आतल्या बिडी ओढणाऱ्या पुरुषांना होतो. शुगर नाही, कोलेस्टेरॉल नाही, फक्त तंबाखू. हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद होतात आणि बोटं काळी पडतात. तंबाखू पूर्ण सोडला तर बहुतेकांचा पाय वाचतो, नाही सोडला तर एकेक बोट करत गुडघ्यापर्यंत जातं. त्यावर तंबाखू सोडण्याच्या तोडीचं औषध अजून कुणाकडं नाही. आप्पांना तो आजार नाही, पण तुमच्या वयाच्या भावांना आणि मित्रांना हे वाचून दाखवा.

सोडायचं कसं? एक तारीख ठरवा, घरातली बंडलं आणि काड्यापेट्या बाहेर काढा. पहिले दोन-तीन आठवडे कठीण. निकोटीनचं च्युइंगगम किंवा चिकटपट्टी, किंवा व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येते, आणि ते बिडीपेक्षा कितीतरी बरं. 1800 11 2356 ही केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोन सेवा आहे, त्यावर समुपदेशक बोलतात. बिडी सोडून आप्पा तंबाखू मळायला लागले, तर ते सोडणं नव्हे. आणि विचारतोच आहे तर आईंनाही विचारा: त्या मिश्री लावतात का? लावत असतील तर दोघांनी मिळून सोडावी. घरात एकाच्या हाताला डबी लागत असताना दुसऱ्यानं सोडणं फार जड जातं.

आता चालणं, कारण गोळीइतकंच नेमकं असं हे औषध आहे आणि ते कुणी नीट लिहून देत नाही. "रोज थोडं फिरा" म्हणून सोडून देतात. सकाळी चहाला जायचं, देवळात जायचं, कट्ट्यावर बसायचं, यानं पिंढरी सुधारत नाही. दुखेपर्यंत चालणं, सुटेपर्यंत थांबणं, पुन्हा चालणं, हा त्याचा गाभा.

सपाट रस्ता निवडा. विजेचे खांब असलेला रस्ता उत्तम, कारण खांब मोजता येतात. घराजवळची पाणंद, शाळेचं मैदान, काहीही. बेळगावातले माझे रुग्ण वॅक्सिन डेपोच्या झाडांखाली चालतात, पण गावात राहणाऱ्याला त्यासाठी शहरात यायची गरज नाही. पायात बंद बूट आणि मोजे. काखेत काठी असू द्या, कुत्र्यांसाठीही उपयोगी. नेहमीच्या चालीपेक्षा जरा झपाझप निघा. पिंढरी धरायला सुरुवात होईल. लगेच थांबू नका. दुखणं शून्य ते पाचात मोजायला आप्पांना शिकवा: एक म्हणजे नुसती जाणीव, पाच म्हणजे पाऊल उचलवत नाही. तीन-चार झालं की थांबायचं. उभं राहायचं किंवा बांधावर टेकायचं. दुखणं पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, अर्धवट सुटल्यावर निघायचं नाही. मग पुन्हा तसंच. सुरुवातीला थांबण्याचा वेळ धरून अर्धा तास, हळूहळू पाऊण तास ते पन्नास मिनिटं. आठवड्यातून निदान तीन दिवस, जमलं तर पाच. निदान बारा आठवडे.

एक वही करा. तारीख, कितव्या खांबाला धरलं, कितव्या खांबाला थांबले, किती वेळा थांबले. बस्स. पहिले तीन-चार आठवडे आकडे हलत नाहीत, आणि बहुतेक माणसं इथंच सोडतात. दीड-दोन महिन्यांत एखादा खांब पुढं सरकतो. आप्पा स्वतः म्हणणार नाहीत की बरं वाटतंय, म्हणून वही हवी. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले तेव्हा अशा चालण्यानं माणूस जास्तीत जास्त जेवढं अंतर जाऊ शकतो त्यात सरासरी सुमारे 120 मीटरची भर पडलेली दिसली. कागदावर हे किरकोळ वाटतं. मोरीपाशी थांबणाऱ्या माणसाला तेवढ्यात शेताची कड गाठता येते.

दुखत असताना चाललं तर नुकसान होईल, ही भीती सगळ्यांना असते. होत नाही. काम करताना स्नायूला जेवढं रक्त लागतं तेवढं मिळत नाही, म्हणून तो ओरडतो. थांबलं की भागतं. आतून काही फाटत नाही, धमनीही जास्त बंद होत नाही. उलट असा सराव झालेला स्नायू तेवढ्याच रक्तात जास्त काम करायला शिकतो, धमनीचं आतलं अस्तर सुधारतं आणि चालण्याची ढबही बदलते. अडथळा मात्र तिथंच राहतो. म्हणून तीन महिन्यांनी डॉपलर पुन्हा केला आणि तो तसाच दिसला तर नाराज होऊ नका, वही बघा. ज्यांना दुखवून घेणं अजिबात जमत नाही त्यांनी दुखायच्या आधी थांबून चाललं तरी काही फायदा मिळतो, न चालण्यापेक्षा ते चांगलंच.

पावसाळ्याचं काय? खानापूरकडचा पाऊस सुरू झाला की दोन-अडीच महिने पाणंदीत पाय टाकवत नाही. मग समुदाय भवन, शाळेचा व्हरांडा, देवळाचा मंडप, किंवा घराच्या सोप्यातच फेऱ्या. फेऱ्या मोजायच्या, खांबांच्या जागी. अनवाणी मात्र कुठंच नाही, देवळातही मोजे घालून. रोप लावणीच्या दिवसांत आप्पांनी चिखलात उतरायचं नाही. पाण्यात भिजलेल्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तिथून जंतू शिरतात आणि रक्त न पोचणाऱ्या पायात ते हटत नाहीत. बांधावर उभं राहून कामगारांवर ओरडायला काही हरकत नाही. पायी दिंडीची इच्छा असेल तर निदान यंदा गाडीनं.

गोळ्या. चिठ्ठीत काय आहे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून असायला काय हवं ते सांगतो. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. रक्त गोठू न देणारी एक गोळी: 75 ची ॲस्पिरिन किंवा 75 ची क्लोपिडोग्रेल. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, आणि तीही भरपूर मात्रेत. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून ही गोळी बंद केलेले रुग्ण दर आठवड्याला भेटतात. एकदा धमनी अरुंद झाल्याचं कळलं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली, शक्य तर 55 च्या खाली ठेवायचं असतं. लॅबच्या कागदावर छापलेला नॉर्मलचा आकडा निरोगी माणसासाठी असतो. रक्तदाब 130/80 च्या आत, शुगरचा तीन महिन्यांचा आकडा साधारण 7 च्या आसपास. काही रुग्णांत ॲस्पिरिनच्या जोडीला रिव्हरॉक्साबॅन 2.5 दिवसातून दोनदा देतात. पायाचे आणि हृदयाचे झटके त्यानं कमी होतात, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ते तपासून ठरवायचं, औषधाच्या दुकानातून नाही.

चालण्याचं अंतर वाढवणारी म्हणून एकच गोळी मी विश्वासानं देतो, सिलोस्टाझोल. 100 ची दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सुरुवातीला डोकं दुखतं, छातीत धडधडतं, पोट बिघडतं, पुष्कळांचं आठ-दहा दिवसांत बसतं. हृदय कमजोर असेल, म्हणजे पंपिंग कमी असेल, तर ही गोळी अजिबात नाही. इको आधी करा म्हणालो ते यासाठीही. पित्तासाठी ओमेप्राझोल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, सिलोस्टाझोलची मात्रा निम्मी करावी लागते. तीन महिने घेऊन वहीत फरक दिसला नाही तर बंद. पेंटॉक्सिफायलीन नावाची गोळी अजूनही सढळ हातानं लिहिली जाते. तिचा या दुखण्यात धड फायदा दिसत नाही. लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आणि मधाचा जो काढा व्हॉट्सॲपवर नसा मोकळ्या करतो, त्यानं धमनीतला अडथळा विरघळत नाही. आवडत असेल तर प्या, पण मधाची शुगर धरून चला, आणि त्या नादात गोळ्या थांबवू नका.

मग स्टेंट कुणासाठी? अडथळा पोटातल्या किंवा ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत असेल तर स्टेंट छान टिकतो. तिथंसुद्धा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेव्हर नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर देखरेखीखाली व्यायाम केलेले रुग्ण स्टेंट घातलेल्यांपेक्षा जास्त वेळ चालले. दैनंदिन आयुष्य सुधारल्याचं मात्र स्टेंटवाल्यांनी जास्त सांगितलं, हेही लपवायला नको. आप्पांचा अडथळा मांडीत आहे. तिथली धमनी चालताना वाकते, पिळली जाते, आणि स्टेंट एक-दोन वर्षांत पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच. बिडी चालू असेल तर आणखी. बंद पडलेला स्टेंट कधी कधी पहिल्यापेक्षा वाईट अवस्था करून ठेवतो. गुडघ्याखालच्या धमन्यांत तर नुसत्या चालतानाच्या दुखण्यासाठी धमनी रुंद करणारा फुगा घालूच नये. म्हणून माझा क्रम असा: तंबाखू बंद, गोळ्या नीट, तीन ते सहा महिने चालणं. एवढं करूनही आप्पांना शेतात जाता येत नसेल आणि त्यावरच त्यांचं जगणं अवलंबून असेल, तर सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून काढलेलं धमन्यांचं चित्र) करून स्टेंट किंवा बायपासचा, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देण्याचा, विचार करू. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करायची, कारण अँजिओग्राफीचं औषध मूत्रपिंडाला जड जातं. बायपाससाठी पायातली स्वतःची शीर सगळ्यांत उत्तम. तेव्हा उगाच कुणाच्या सांगण्यावरून ती शीर काढून किंवा जाळून घेऊ नका.

हे सगळं फक्त चालताना दुखणाऱ्या पायाबद्दल झालं. पुढचं चित्र वेगळं. रात्री अंथरुणावर पडल्यावर पावलाची बोटं ठणकतात, पाय बाजल्याखाली सोडला की जरा बरं वाटतं, माणूस खुर्चीत बसून रात्र काढतो. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतासारखी बोटांची गत असते, पाणी कमी झालं की आधी तेच वाळतं. असं दुखणं, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा काळं पडलेलं बोट, यातलं काही दिसलं तर चालणं बंद आणि आठवडाभराच्या आत रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं जा. तिथं स्टेंट किंवा बायपासची खरी गरज असते आणि वेळ घालवला तर पाय खरोखर जातो. काळ्या बोटाला हळद, पिठाचं पोटीस, कुठलंही पान, काही बांधू नका. कोरडं ठेवा, सैल जाळीचा कपडा गुंडाळा आणि निघा.

आणि अचानक पाय पांढरा, बर्फासारखा गार पडला, प्रचंड दुखायला लागला, बधिर झाला, बोटं हलेनात, तर आठवडा नाही, तासांचा प्रश्न आहे. धमनीत गुठळी अडकलेली असते आणि सहा तासांच्या आत ती काढली तर पाय वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. तेल चोळत बसू नका, सकाळची वाट बघू नका. 108 बोलवा. ज्या रुग्णालयात जायचं तिथं आधी फोन करून विचारा, आत्ता रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे का? खानापूरकरांनी बेळगाव गाठावं. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणीकडच्यांना मिरज-सांगली. सीमा इकडची की तिकडची हा विचार त्या रात्री करायचा नाही.

पावलांची निगा थोडक्यात, कारण त्यात करण्यासारखं रोजचंच आहे. रोज संध्याकाळी उजेडात तळवा, टाच आणि बोटांची बेचकं बघायची. आप्पांना वाकून दिसत नसेल तर तुम्ही बघा किंवा जमिनीवर आरसा ठेवा. कोमट पाण्यानं धुवायचं, पाणी आधी दुसऱ्यानं कोपरानं तपासायचं. बेचकं पुसून कोरडी करायची. खोबरेल तेल तळव्याला आणि टाचेला लावा, बेचक्यात नाही. नखं सरळ कापा, कोपरे खरवडू नका. कुरूप ब्लेडनं घरी कापायचं नाही, न्हाव्याकडूनही नाही. बूट घालण्याआधी हात आत घालून खडा, काटा, खिळ्याचं टोक आहे का ते चाचपायचं. काटा रुतला आणि आप्पांना कळलाच नाही, असं व्हायला वेळ लागत नाही.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. ठरवून करायच्या मोठ्या उपचाराला सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, म्हणून आधी तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं बिम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. तातडीच्या वेळी पत्रासाठी थांबायचं नसतं. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी या सभासदांसाठीच्या आरोग्य योजनेची नोंदणी झाली आहे का ते सोसायटीत विचारा. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आहे. कोल्हापूरकडं जायचं ठरलं तर कुठले कागद चालतात ते तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) फोनवर आधी विचारून घ्या, नाहीतर काउंटरवर उभं राहून दिवस जातो.

तीन महिन्यांनी भेटायला याल तेव्हा खांबांची वही, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं, डॉपलरचा जुना कागद आणि आप्पा रोज घालतात ते बूट घेऊन या. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, शुगर आणि कोलेस्टेरॉल आदल्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणीच करून आणा. आणि आप्पांना बिडीबद्दल तुमच्या देखत विचारणार नाही, एकटे असताना विचारीन.